अक्कांना पाणी कोणी पाजलं

रविवार, ६ एप्रिल. फैजपूर

पोचले! जळगावहून बसमध्ये उभ्यानंच आले, पण यावल गेलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती केळी सुरू झाली, तेव्हा पाय दुखायचे थांबले. आमच्याकडे मॉरिशसमध्ये ऊस असतो तसा इथं केळीचा हिरवा समुद्र आहे. शेजारच्या मावशींना मी तसं म्हटलं तर त्या हसल्या आणि मांडीवरचं बोचकं सरकवून मला अर्धी जागा दिली.

वर्षभर मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, पण एकाही घरात राहिले नव्हते. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली. आता फक्त कागदपत्रं हातात यायची आणि मेच्या सुरुवातीला मॉरिशसला परत. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, शेवटचे हे आठवडे तरी घरात राहा, नाहीतर मराठी पुस्तकातूनच घेऊन जाशील. त्यांच्या नात्यातल्या लीलाधरभाऊंच्या घरी त्यांनीच सोय केली.

भाऊंचं घर नवं, स्लॅबचं. ओट्यावर पिवळ्या फरश्या, आत कूलरचा घरघराट. नूतनकाकूंनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. जेवायला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा काकूंनी गुपचूप वाटीत दही वाढलं.

घरात तिसऱ्या आहेत अक्का, भाऊंच्या आई, भिकुबाई. मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवरच असतात. डोळे मात्र चिमणीसारखे. मला जवळ बोलावलं, दंड चाचपला आणि म्हणाल्या, "इतकी वाळकी कशी व माय? तिकडे खायाले देत नाही का तुले?" देविना हे माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना. त्यांनी देवना केलं. मला ते जास्त आवडलं.

गुरुवार, १० एप्रिल

मॉरिशसमधल्या माझ्या मराठीच्या बाईंनी निघताना सांगितलं होतं, रोज थोडं तरी मराठीत लिही, चुकलं तरी लिही. इथं रोज लिहिण्यासारखं काही ना काही घडतं.

सकाळी भाऊ मला मळ्यात घेऊन जातात. घड कापताना चीक अंगावर उडाला की त्याचा काळा डाग कधी जात नाही, म्हणून काकूंनी मला त्यांचा जुना गाऊन दिलाय. दुपारी ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तेव्हा मी अक्कांच्या खोलीत बसते. त्यांच्या औषधांमुळे त्यांचं तोंड सारखं कोरडं पडतं आणि पेला हातात धरवत नाही. त्यांच्यासाठी लहानशी तोटीची पितळी झारी आहे. ती ओठाला लावून घोटभर पाणी पाजायचं, थांबायचं, पुन्हा घोटभर. काकूंनी मला शिकवलं. आता अक्का काकूंना हाकच मारत नाहीत. "देवना, पानी दे व," म्हणतात. काकू खोटं खोटं रुसतात.

आज त्यांनी विचारलं, आपली माणसं तिकडे गेली ती परत का आली नाहीत. मी म्हटलं, बोटीचं भाडं नव्हतं. बराच वेळ त्या माझा हात धरून होत्या.

मंगळवार, १५ एप्रिल

उद्या मुक्ताईनगरला काकूंच्या भाच्याचं लग्न आहे. काकू जाणार नव्हत्या. अक्कांना कोणाच्या भरवशावर ठेवायचं? अक्कांची मुलगी रत्नाताई वरणगावला असते, पण तिच्या मुलाला गोवर आलाय. मीच म्हटलं, मी आहे ना, तुम्ही जा. काकूंनी तीनदा विचारलं. शेवटी अक्काच ओरडल्या, "जा व सून, नटूनथटून जा. माझी देवना हाये."

काकूंनी रात्री मला मेंदी काढून दिली, मी लग्नाला जाणार नव्हते तरी.

बुधवार, १६ एप्रिल

अक्का गेल्या. दुपारी. मी जवळ होते. झारीनं दोन घोट पाणी पाजलं, त्यांनी डोळे मिटले. शांतपणे गेल्या. घर माणसांनी भरलंय. जास्त लिहवत नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

परवाचं पान खोटं आहे. माझ्याच वहीत मी खोटं लिहिलं. फाडणार होते, पण मग ते खोटं आहे हे कुठंच उरणार नाही.

खरं असं झालं. भाऊ आणि काकू गेल्यावर मी अक्कांना वरणभात भरवला, पाणी पाजलं. त्यांना झोप लागली. तेवढ्यात पलकचा फोन आला. ती माझ्या वर्गातली. तिच्या वडिलांचं भुसावळला कापडाचं दुकान आहे. ती आणि तिचा भाऊ अर्पित गाडी घेऊन फैजपुरात आले होते. मला निरोपाची पार्टी द्यायची म्हणून भुसावळला चल, तासाभरात आणून सोडतो, म्हणाली. मी नाही म्हटलं. मग अर्पितनं फोन घेतला. तो एवढंच म्हणाला, "परत कधी भेटणार आहेस?"

अक्का झोपल्या होत्या. खरंच झोपल्या होत्या. मी झारी भरून स्टुलावर ठेवली, जणू त्या स्वतः घेऊ शकणार होत्या. मागचं दार आतून बंद होतं. पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली.

गाडीत गारवा होता. आम्ही आइस्क्रीम खाल्लं, वर उसाचा रस प्यायलो. अर्पितनं मला त्याचा अर्धा ग्लास दिला. येताना रेल्वे फाटकात खूप वेळ गेला. मी घड्याळ बघत होते आणि तरी हसत होते. ते हसणं मला आता ऐकू येतं.

कडी काढली तेव्हा घरात आवाज नव्हता. अक्का अर्ध्या खाटेबाहेर होत्या. एक हात स्टुलाकडे. झारी बोटांपासून वीतभर लांब, भरलेली. तोंड उघडं. जीभ पांढरी, लाकडासारखी. मी त्यांना उचलून नीट निजवलं आणि मग झारी त्यांच्या ओठाला लावली. पाणी हनुवटीवरून उशीत गेलं. मी ओढणीनं पुसलं. मग काकूंना फोन केला.

भाऊंनी आल्या आल्या एकच विचारलं. "पाणी घेतलं का गं तिनं?"

मी म्हटलं, "हो भाऊ. दोन घोट."

त्यांनी माझे दोन्ही हात स्वतःच्या कपाळाला लावले आणि लहान मुलासारखे रडले. तिथंच सांगायला हवं होतं. हात कपाळाला लागायच्या आधी.

रविवार, २० एप्रिल

रत्नाताई आलीय. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, मुलीचं काम तू केलंस. अक्कांचं एक निळं पातळ तिनं मला दिलं. मी नको म्हणत राहिले, तिला वाटलं मी संकोचतेय.

जिथं खाट होती तिथं दिवा लावलाय आणि शेजारी ती झारी. काकू म्हणाल्या, शेवटचं पाणी तुझ्या हातचं घेतलं त्यांनी, आता दिवस होईपर्यंत झारी तूच भरायची. रोज सकाळी भरते. दुपारी बघते तर कोरडी. काकू म्हणतात, वैशाखाआधीच हे ऊन, काही उरत नाही.

संध्याकाळी शेजारच्या लताबाई येऊन बसल्या. त्यांची भिंत अक्कांच्या खोलीला लागून आहे. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, त्या दुपारी अक्का हाका मारत होत्या, देवना, पानी दे. खूप वेळ. म्हातारं माणूस हट्टी असतं. मी उठणार होते, पण म्हटलं पोरगी आहे ना तिथं. मग हाका थांबल्या, तेव्हा समजले, दिलं पाणी.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

खूप वेळ. लताबाई खूप वेळ म्हणाल्या.

मंगळवार, २२ एप्रिल

पलकला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, कोणाला बोलू नकोस, वय झालं होतं त्यांचं, तू तर आता जाणारच आहेस. अर्पितला दोनदा फोन केला. उचलला नाही.

आज झारी भरली आणि उठले नाही, तिथंच बसून राहिले. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट जमिनीवर. झारीच्या तोटीला एक थेंब आला. तो खाली पडला नाही. नाहीसा झाला. मग दुसरा. आणि आवाज आला, लहानसा, गळ्यातून पाणी उतरतं तसा. मी झाकण उघडून बघितलं. पाणी खाली खाली जात होतं. तळ दिसला तसा आवाज थांबला, आणि मला स्पष्ट वाटलं की कोणीतरी माझ्याकडे बघून थांबलंय. पुढच्या घोटाची वाट बघत.

मी पळून ओट्यावर आले. काकू चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मला जवळ ओढून घेतलं. म्हणाल्या, इतका जीव लावू नये बाई, त्रास होतो.

शुक्रवार, २५ एप्रिल

दुपारी हाक येते. फक्त दुपारी, मी त्या दिवशी भुसावळात होते त्याच वेळेला. "देवना." रागानं नाही. रागानं असती तर बरं झालं असतं. नेहमीसारखीच, मी शेजारच्या खोलीत आहे आणि आत्ता येईन अशी खात्री असलेली हाक.

काकूंना ऐकू येत नाही. रत्नाताईला नाही. मी कळशी घेऊन जाते, झारी भरते, ती रिकामी होते, पुन्हा भरते. काल मोजायचं सोडून दिलं.

मलाही तहान लागलीय. कितीही प्यायलं तरी जीभ टाळूला चिकटते. काकूंनी कैरीचं पन्हं केलं. त्यांना वाटतं मला ऊन लागलंय. त्या माझ्या तळपायांना कांदा चोळत बसल्या होत्या. त्यांच्या सासूला मी मारलं आणि त्या माझ्या पायांना कांदा चोळतायत.

सोमवार, २८ एप्रिल

आज तेरावं. मांडवात शंभर माणसं. भाऊ उठून उभे राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, ही पोर सातासमुद्रापलीकडची, पण माझ्या मायच्या तोंडात शेवटचं पाणी हिनं घातलं. बायका एकेक करून माझ्याजवळ आल्या. एका म्हातारीनं माझा उजवा हात तिच्या नातवाच्या डोक्यावर ठेवला, आशीर्वाद म्हणून.

त्याच हातानं मी कडी लावली होती.

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आवाज आला नाही, घसा पार सुकला होता. लोकांना वाटलं रडू दाटलंय. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. त्या पेल्याकडे बघताना मागून, अगदी कानाशी — "मले बी दे व."

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय्य तृतीया, इथली आखाजी

गावात झाडाझाडाला झोके, माहेरवाशिणींची गाणी. आमच्या घरी झोका नाही. फक्त अक्कांची घागर.

रत्नाताईनं नवी लाल घागर आणली. गेलेल्या माणसाच्या नावानं ती आज पाण्यानं भरतात, म्हणजे त्याला वर्षभर तहान लागत नाही. आंबा, डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या मांडल्या. भाऊ म्हणाले, देवना भरेल. तेही आता देवना म्हणतात.

मी एक कळशी ओतली. घागर रिकामी. दुसरी ओतली. जमीन कोरडी, घागर कोरडी. तिसरी. काकूंनी घागर उचलून खालून बघितली, कुठं तडा नाही. चौथ्या कळशीला लताबाई मागे सरकल्या. घोटाघोटाचा तो आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होता.

भाऊ गुडघ्यांवर बसले. हात जोडून म्हणाले, "माय, काय राह्यलं तुझं? काय दिलं नाही आम्ही? बोल."

मग मी बोलले. सगळं. गाडी, आइस्क्रीम, कडी, स्टूल. दोन घोट पाजले नाहीत हेही.

रत्नाताई म्हणाली, "बाहेरून कडी? माझ्या मायले तू कडी लावून गेली?" ती मारेल असं वाटलं. मारलं नाही. तिनं माझ्या हातातली कळशी काढून घेतली आणि स्वतः ओतली. त्या एका कळशीत घागर गळ्यापर्यंत भरली.

भाऊ चपला घालून मळ्यात गेले.

संध्याकाळी काकूंनी मला ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, सगळं. फक्त म्हणाल्या, "जेव." पाण्याचा तांब्या ठेवायला विसरल्या, की —

मी जेवले. वाढलेलं टाकायची लाज वाटली.

गुरुवार, १ मे

मला वाटलं होतं सांगितलं की थांबेल. नाही थांबलं.

माझ्या हातचंच पाणी हवंय त्यांना. रत्नाताईची घागर आहे तशी भरलेली आहे. माझी झारी मात्र —

घरात मला कोणी वाईट बोलत नाही. भाऊ माझ्या समोरून जाताना खाली बघतात. काकूंनी माझ्या बॅगेत केळीचे वेफर भरून ठेवले, माझ्याकडे न बघता. निळं पातळ मी रत्नाताईच्या उशाशी ठेवलं. तिनं ते घेतलं नाही, परतही दिलं नाही. तिथंच पडलंय.

शुक्रवार, २ मे

आज दिसल्या.

खाट नाही तिथं आता, तरी खाटेच्या उंचीवर. एक हात पुढे. तोंड उघडं, तसंच.

पाजलं. दुपारभर पाजलं. ओठ ओले होतात आणि लगेच सुकतात. मधे थांबले तर बोटं हलतात, वीतभर, पोचत नाहीत.

आई घरून फोनवर विचारत होती, तुझा आवाज असा का झाला. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

शनिवार, ३ मे

दुपारी गावातल्या छगनभाऊंची भाड्याची गाडी येणार, भुसावळपर्यंत. तिथून रेल्वेनं मुंबई, उद्या विमान.

रत्नाताईला सोडायला सगळे वरणगावला निघाले. जाताना काकू म्हणाल्या, निघशील तेव्हा दाराला कडी घालून जा. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं काय म्हणाल्या ते. आम्ही दोघी फरशीकडे बघत राहिलो. मग त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एकदाच. तो हात मी सहन करू शकले नाही.

घरात मी आणि अक्का.

बॅग ओट्यावर आहे. हाक आली म्हणून आत आले. उजव्या हातानं लिहितेय, डाव्या हातात झारी. लिहीत नसले तर झारी नीट धरवत नाही, पाणी सांडतं.

माठ संपला. हंडा संपला. नळाला नुसती हवा येते. घागर — रत्नाताईची, तिला हात लावणार नाही.

झारी रिकामी. त्या अजून पितायत.

गाडी आली. हॉर्न.

सांगितलं, अक्का, पाणी नाही आता. त्यांना कळलं. त्या माझ्याकडे बघतायत. चिमणीसारखे डोळे, तेच. रागावलेल्या नाहीत. फक्त तहान — माझं डावं मनगट धरून तोंडाला लावलंय. ओठ किती कोरडे, कागदासारखे —

हॉर्न. पुन्हा. छगनभाऊ दारात ओरडतायत, ताई, गाडी चुकेल. ओ देऊ शकते. घसा अजून चालतोय. पाय मोकळे आहेत. दार उघडंच आहे, मी कडी घातली नाही.

एवढं फक्त लिहायचं होतं, की या वेळी मी उठले नाही.

हात गार पडत चाललाय. घोट ऐकू येतायत. त्या मधे थांबल्या, ओठ पुसले, आणि विचारलं, दुखतं का व —

नाही अक्का. घ्या तुम्ही. मी कुठं जात नाही, मी इथंच —